खिळेबाईंची ठिपकी

आमच्या वन्संशी वाद घालायचा असेल, तर आधी त्यांच्या तोंडातले खिळे संपायची वाट बघावी लागते.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. जुने सोफे, खुर्च्या, बाकं उघडून पुन्हा नव्याने मढवून देणं हा त्यांचा धंदा. मूळ तो त्यांच्या यजमानांचा. ते गेले तेव्हा सगळे नातेवाईक जमून म्हणाले की दुकान विकून टाका आणि भावाकडे सुखाने राहा. वन्संनी सगळ्यांना चहा दिला, दुकानाची किल्ली कमरेला खोचली आणि दुसऱ्या दिवशी एका वकिलाची राहून गेलेली खुर्ची उघडून बसल्या.

त्यांचं काम बघत राहावं असं असतं. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे. जिभेने एकेक पुढे आणून ओठांत धरायचा. हातोडीच्या तोंडाला लोहचुंबक असतं, त्याने तो अलगद उचलायचा, आणि टक्, टक्. दोन ठोक्यांत खिळा लाकडात. डाव्या हाताने कापड ताणून धरलेलं असतं, ते सोडावं लागत नाही. गल्लीतली मुलं त्यांना खिळेबाई म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा हे बघून माझा जीव खालीवर झाला होता. "वन्सं, एखादा गिळला गेला तर?" मी विचारलं. ओळ पूर्ण होईपर्यंत त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "आजवर फक्त शब्द गिळलेत गं. खिळा एकही नाही."

या खिळ्यांचा आणखी एक उपयोग आहे. नको तो विषय निघाला की वन्सं डबीत हात घालून तोंड भरून घेतात. समोरच्याने मग खुशाल बोलत राहावं.

मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की वहीत चार ओळी लिहिते. दिवसभरात देवाने काय दाखवलं, एवढंच. वन्सं त्यात फार वेळा येतात. म्हणून वाटलं, एकदा त्यांच्याबद्दल सलग लिहावं. आणि वन्संबद्दल लिहायचं तर ठिपकीबद्दल लिहावंच लागतं.

एका उंच इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, एक साहेब आणि त्यांची बायको राहत असत. त्यांचा एकच सोफा वन्संनी तीनदा मढवला होता. पहिल्यांदा रेशमी कापड, मग जाड विणीचं, मग चामडं. तिन्हींच्या चिंध्या झाल्या, कारण घरात ठिपकी होती. साहेबांनी तिचं नाव काहीतरी परदेशी, लांबलचक ठेवलं होतं. ते वन्संच्या जिभेवर बसेना, म्हणून ठिपकी.

तिला मांजर म्हणायचं तर हिंमत लागते. बाप दूरच्या गवताळ रानातलं रानमांजर, आई घरातली. असं जुळवून जन्माला घातलेलं जनावर. पाय हरणासारखे लांब, कान मोठे आणि सरळ उभे, अंगभर काळे ठिपके. कपाटावर चढायला तिला खुर्ची लागत नाही, ती जमिनीवरून थेट वर जाते. साहेबांनी तिच्यासाठी जे पैसे मोजले होते, त्यात वन्संच्या दुकानामागची भाड्याची खोली विकत आली असती. पाहुणे आले की तिला दाखवायचं, ही हौस.

हौस पुरी झाली आणि रोजचा दिवस सुरू झाला. तिला साधं मांजराचं खाणं चालत नाही, कच्चं मांस लागतं, तेही हाडासकट, ताजं. साधे डॉक्टर तिला हात लावत नाहीत. या जनावरांचं कळणारी एकच डॉक्टरीण, ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिची फी ऐकून आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला होता. वर परवाना, वर विमा. आणि हे सगळं केलं तरी ठिपकी वाटेल तिथे लघवीची पिचकारी मारून ठेवते ती ठेवतेच, कारण तिच्या लेखी ते घर म्हणजे तिचं रान आहे. सोफाही तिचाच.

वन्सं एकदा मला म्हणाल्या होत्या, "लोक मांजराचे पैसे देतात. तिच्या उड्यांचे कोण देणार?"

मग साहेबांची बदली परदेशी झाली. तिथे अशी मांजरं न्यायची बंदी. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला, मी विकतो, परत घेत नाही. प्राणिसंग्रहालय म्हणालं, आम्ही अस्सल रानटीच ठेवतो. मांजरांचा आश्रम म्हणाला, आम्ही अस्सल घरगुतीच ठेवतो. शेवटी इंजेक्शन देऊन तिला कायमचं शांत करायचं ठरलं. वन्सं सोफ्याचं माप घ्यायला गेल्या, तेव्हा साहेबांची बायको त्या फाटक्या सोफ्यावर बसून रडत होती आणि ठिपकी तिच्या डोक्यावर, पडद्याच्या दांडीवर बसली होती.

वन्संनी मोजपट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. म्हणाल्या, "सोफा आणि मांजर, दोन्ही मी नेते. दोघांची एकमेकांना सवय आहे."

आमचे हे निवृत्त बँकवाले. बातमी कळताच दुकानात जाऊन उभे राहिले. मीही डबा घेऊन बरोबर होते.

"ताई, तुला वेड लागलंय का? हे मांजर नाही, हत्ती पोसणं आहे."

वन्संनी डबीत हात घातला.

"खिळे नंतर! आधी ऐक. मांसाचा खर्च धर. डॉक्टरचा धर. परवान्याची फी धर. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं तू पुढे ढकलतेस, ते काय मांजर करणार आहे?"

टक्, टक्.

"अगं, निदान मान तरी हलव!"

वन्संनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. त्यांच्या पायाशी, पाटाखाली, ठिपकी पसरली होती आणि प्रत्येक ठोक्याला तिचा एक कान हलत होता. वरच्या मजल्यावर दिवसभर येरझारा घालणारं ते जनावर इथे हातोडीच्या आवाजात झोपत होतं. वन्संनी शिस्तच लावून टाकली होती. सकाळी दुकान उघडलं की पहिल्या खुर्चीची पहिली ओळ ठोकायची, ओळ संपली की ठिपकीला मांस. म्हणून पहिला टक् ऐकू आला की ती असेल तिथून येऊन पायाशी बसायची आणि ओळ संपायची वाट बघायची. ठोके मोजते की काय, असं वाटावं.

परवाना साहेबांच्या नावावर होता. तो वन्संच्या नावावर करायला परवाना देणाऱ्या कचेरीने मुदत दिली आणि एक अट घातली. तिच्यासाठी चहूबाजूंनी बंद, पक्की जागा हवी. कचेरीतल्या बाई येऊन तपासणार, मगच परवाना. आणि तोवर हे जनावर मोकळं बाहेर सापडलं, तर कचेरी घेऊन जाईल आणि परत मिळणार नाही. डॉक्टरीणबाईंनी वन्संना स्पष्टच सांगितलं होतं, कचेरीने नेलेल्यांना दुसरं घर सहसा मिळत नाही, शेवटी इंजेक्शनच.

वन्संनी दुकानामागच्या परसात स्वतःच्या हाताने पिंजरा बांधला. पिंजरा कसला, खोलीच. सागवानी चौकट, चारी बाजूंना जाड तारेची जाळी, आत चढायला फळ्या. छपराला मात्र त्यांनी जाळी घातली नाही. सोफ्याच्या बैठकीखाली आडवे-उभे विणतात ते पट्टे घातले, आणि ताणून असे ठोकले की बोटाने वाजवले तर तंबोऱ्यासारखे वाजावेत. ऊनही गाळून यावं आणि मजबुतीही राहावी, असा हिशेब.

आमचे हे बघायला आले. "छपराला कापडी पट्टे? तुटतील ना."

वन्संनी तोंडातले उरलेले दोन खिळे ठोकून टाकले. "शिडी आहे. वर चढ."

"मी?"

"मग काय तुझ्या बायकोला चढवू? चढ. बस मधोमध."

आमचे हे शिडीने चढले, देवाचं नाव घेत मधोमध बसले. पट्टे जरासुद्धा लोंबले नाहीत. वरून म्हणाले, "आमच्या घरच्या सोफ्यापेक्षा बरं आहे." वन्सं कमरेवर हात ठेवून खाली उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी फार कमी वेळा पाहिलंय. ठिपकी आत फळीवर बसून ह्यांच्या बुडाकडे टक लावून बघत होती.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी डबा घेऊन गेले, तर दुकानात हातोडीचा आवाज नाही. मागे परसात वन्सं पिंजऱ्यासमोर उभ्या. पिंजरा रिकामा. छपराच्या एका कोपऱ्यातले पट्टे डब्याचं झाकण उघडावं तसे वर उचलले गेले होते, आणि खिळे चौकटीतून सरळ उपसून निघालेले. तुटला एकही नव्हता.

"खालून," वन्सं म्हणाल्या. "उडी मारून डोक्याने मारलं असेल, दोनदा, तीनदा. मी आयुष्यभर वरून बसणाऱ्यांसाठी ठोकत आले. वरून भार आला की पट्टा खिळ्याला आडवा ओढतो, खिळा घट्ट राहतो. खालून धडक दिली की तोच खिळा उभा उपसून निघतो. खालून सोफ्यावर कोणी बसतं का गं कधी?"

मी हात जोडले आणि डोळे मिटले.

"तू देवाचं बघ," त्या म्हणाल्या, "मी मांजराचं बघते. दोघांनी एकच काम करून उपयोग नाही."

तोवर गल्लीला खबर लागली होती. गल्ली चांगली आहे आमची, पण मदतीला धावली की गोंधळच जास्त. औषधवाला दुकान सोडून बाहेर आला, इस्त्रीवाल्याची बायको गॅलरीतून ओरडू लागली, "ठिपके, ठिपके!" कोणी ताट वाजवत होतं. आमचे हे कोंबडीची कच्ची तंगडी हातात धरून गल्लोगल्ली फिरत होते आणि त्यांच्यामागे परिसरातली सगळी कुत्री शिस्तीत रांग लावून चालली होती. "ताई," हे धापा टाकत म्हणाले, "मांजर सोडून सगळं आलं!"

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "कचेरीला फोन करू का? त्यांच्याकडे जाळी असते."

वन्सं त्याच्याकडे नुसत्या वळल्या. त्याने फोन खिशात घातला.

मग त्या दुकानात गेल्या आणि एक लाकडी स्टूल, कापडाचा तुकडा, डबी आणि हातोडी घेऊन बाहेर आल्या. गल्लीच्या मधोमध बसकण मारली. तो दुखरा गुडघा दुमडताना त्यांनी ओठ आवळले. "सगळे गप्प," त्या म्हणाल्या. "ताट खाली ठेवा. तू त्या कुत्र्यांना घेऊन लांब जा."

हे तंगडीसकट आणि कुत्र्यांसकट वळणापलीकडे गेले. वन्संनी खिळे तोंडात टाकले आणि कापड ताणून पहिला ठोका दिला.

टक्, टक्.

सगळी गल्ली दारादारांत उभी. कोणी हलेना. एक खिळा, दुसरा, तिसरा. मला त्यांच्या पाठीवर घामाचा पट्टा पसरताना दिसत होता. गॅरेजबाहेर एक ट्रक उभा होता, ताडपत्री झाकलेला. ओळ अर्धी झाली असेल नसेल, ताडपत्रीची कड हलली. आधी एक कान वर आला, मग दुसरा. ठिपकी खाली उतरली आणि आमच्या सगळ्यांच्या मधून, आम्ही जमलोय ते आपल्या स्वागतालाच असं समजून, लांब लांब पाय टाकत चालत आली. येऊन वन्संच्या पायाशी बसली आणि स्टुलाकडे बघू लागली. ओळ कधी संपते?

औषधवाला कुजबुजला, "धरा ना आता!"

वन्संनी धरलं नाही. त्यांनी ओळ शेवटपर्यंत ठोकली. नेहमी ठोकतात तशी, घाई न करता. शेवटचा खिळा मात्र वाकडा गेला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून वाकडा गेलेला खिळा मी पहिल्यांदा पाहिला. मग त्यांनी हातोडी खाली ठेवली, ठिपकीला दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि आत गेल्या.

त्या संध्याकाळी ह्यांनी सल्ला दिला. "ताई, तो कोपरा परत ठोकून टाक, चार खिळे जास्त मार. उद्या बाई येतील, बघतील आणि जातील. गल्लीतलं कोणी बोलणार नाही, मी सगळ्यांना सांगितलंय. आज काही झालंच नाही."

वन्सं ठिपकीला मांस भरवत राहिल्या. ह्यांना वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या बाई आल्या. तरुण, साध्या, हातात टेप आणि कागदांची चळत. वन्सं परसात पाटावर बसून काम करत होत्या, तोंडात मूठभर खिळे. ठिपकी मागच्या खोलीत कडी लावून ठेवली होती. बाईंनी परसातला पिंजरा मापला, जाळी हाताने ओढून पाहिली. छपराच्या त्या कोपऱ्याकडे त्यांचं अजून लक्ष गेलं नव्हतं.

"एकदम पक्कं आहे, मॅडम," हे पुढे होऊन म्हणाले. "मी स्वतः वर बसून पाहिलंय."

बाई ह्यांच्याकडे बघून हसल्या. मग वन्संकडे वळून म्हणाल्या, "मावशी, इथे आणल्यापासून ती कधी बाहेर गेली होती का?"

ह्यांनी वन्संच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि त्यांना केवढा धीर आला ते मला दिसलं. तोंडात इतके खिळे असताना ताई कधीच उत्तर देत नाही.

वन्संनी हातोडी ठेवली. तळहात तोंडापुढे धरला आणि सगळे खिळे त्यात काढले. ओले, चकचकीत, मूठभर. भरलेलं तोंड काम सोडून रिकामं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काल दुपारी," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यातून. मी छप्पर वरून भार यावा म्हणून ठोकलं, तिने खालून धडक मारली. गल्लीत गेली होती. कोणाला ओरखडा नाही. मी आणली परत."

हे खाली बसले, सरळ स्टुलावरच.

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, पट्टा बोटाने वर उचलला. "मावशी, ती बाहेर आम्हाला सापडली असती, तर मला न्यावीच लागली असती. पण हे छप्परही मला चालणार नाही."

"मलाही नाही चालणार," वन्सं म्हणाल्या. "या, पुढे दाखवते."

आणि त्या आम्हां सगळ्यांना दुकानाच्या पुढच्या भागात घेऊन गेल्या. रस्त्याकडचा तो भाग म्हणजे वन्संचं वैभव. तिथे मढवून तयार केलेले सोफे मांडलेले असत आणि येणारा-जाणारा थांबून बघत असे. निम्मं गिऱ्हाईक तिथूनच आत यायचं. आज तिथे एकही सोफा नव्हता, तो एक फाटका चामड्याचा सोडून. सगळे त्यांनी पहाटेपासून मागे ओढून नेले होते, त्या गुडघ्यासकट.

"रस्त्याच्या बाजूला लोखंडी ग्रिल, जमिनीपासून छतापर्यंत. यजमानांनी चोरांसाठी बसवलं होतं. बाहेरून शटर. वर स्लॅब आहे, पट्टे नाहीत. हा भाग तिचा."

बाईंनी ग्रिल हलवून पाहिलं. हललं नाही. "आणि दुकान?"

"मागे, परसात. त्या पिंजऱ्यात मी बसते. जाळीतून वारा छान येतो."

"त्या छपराखाली?"

"मी काही खालून उड्या मारत नाही," वन्सं म्हणाल्या.

बाई आधी हसू दाबत राहिल्या, मग त्यांना ते दाबता आलं नाही. आतल्या बाजूला दुहेरी दार हवं, म्हणजे एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. ते झालं की पुन्हा येऊन बघेन म्हणाल्या. जाताना दारात थांबल्या. "सांगितलं नसतंत, तर मी कदाचित सही करून गेले असते."

"म्हणून तर सांगितलं," वन्सं म्हणाल्या. "सही तुमची, पण रात्री झोप मला लागायला हवी ना."

दुहेरी दार झालं, परवानाही आला. मी देवापुढे त्या दिवशी जास्तीची एक वात लावली.

हे सगळं फुकटात झालं असं कोणी समजू नये. रस्त्यावरून सोफे बघून आत येणारं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पावसाळ्यात पट्ट्यांवर ताडपत्री घालावी लागते, तरी कोपऱ्यातून पाणी गळतं आणि वन्सं छत्री खांबाला बांधून काम करतात. गुडघ्याचं ऑपरेशन अजून पुढेच आहे. आणि सगळ्यात मोठा खर्च तर कुठल्या बिलात येत नाही. अशा जनावराला एका रात्रीसाठीही सांभाळायला कोणी तयार नसतं. आमच्या मुलीच्या लग्नात वन्सं आल्या, लग्न लागलं, पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि जेवायच्या आधी निघाल्या. मुलगी रुसली. मी म्हटलं, "अगं, आत्या गेली कुठे? घरी कोणी वाट बघतंय, तिकडे गेली." मला आधी वाटे, देवाने एवढी माया मांजरावर का खर्च करायला लावावी? आता वाटत नाही. ज्यांना ठिपकी दाखवायला हवी होती त्यांनी ती पैसे मोजून घेतली, आणि ज्यांनी मागितलीही नव्हती त्यांनी खर्च पुढे चालवला. याहून मोठी भक्ती मला तरी फार कमी ठिकाणी दिसली आहे.

गल्लीत बसून मढवलेलं ते स्टूल मी त्यांच्याकडून मागून घेतलं. वाकडा खिळा त्या काढून देत होत्या, मी काढू दिला नाही. देवघरासमोर मी त्याच्यावरच बसते.

परवाच डबा घेऊन गेले होते. हे आधीच येऊन जाळीला नाक लावून उभे. आत पट्ट्यांच्या सावलीत, चौकटी-चौकटीच्या उन्हात, वन्सं एका आरामखुर्चीवर वाकलेल्या.

"ताई, मी नीट आकडेमोड केलीय," हे म्हणत होते, "मांसाचा भाव पुन्हा वाढला. तू निदान..."

वन्संनी डबीत हात घातला.

मी दुकानातून पुढे गेले. एक दार लावून मगच दुसरं उघडलं आणि आत डोकावले. फाटक्या सोफ्याच्या पाठीवर ठिपकी लांबलचक पसरली होती, डोळे मिटलेले, ग्रिलमधून येणारं ऊन अंगावर. बाहेर शाळेतून परतणारी मुलं थांबून तिला हाका मारत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिचे दोन्ही कान परसाकडे वळले होते. तिकडून ह्यांचा आवाज येत होता, आणि त्याच्या मधून मधून, टक्, टक्.